कंपाउंड, कुंपण आणि शेजारची हद्द : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची होती, दोन प्लॉटच्या मधली भिंत. पुण्यात जुने बंगले पाडून तिथे बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या तसे हे वाद वाढलेत, आणि पावसाळा तोंडावर आला की त्यात भीतीही मिसळते. म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी, आज फक्त हेच.

प्रश्न : धायरीत आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट आहे, वडिलांनी घेतलेला. मधे दगडी खांब आणि तारेचं कुंपण होतं. दिवाळीत आम्ही गावी गेलो तेवढ्यात शेजारच्यांनी तार काढून रेडिमेड सिमेंटचं कंपाउंड उभं केलं, आणि ते आमच्या बाजूला दीडेक फूट आत आलंय. ते म्हणतात जुनी लाईन हीच होती. आमच्याकडे खरेदीखत आणि सातबारा आहे. भिंत पाडून टाकू का? – एक वाचक, धायरी

उत्तर : नाही दादा, पाडू नका. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी हातात घण घेतलात की पोलीस स्टेशनला तक्रार तुमच्यावर होईल, आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहून तुम्हीच खुलासे देत बसाल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, सातबाऱ्यावर तुमचं क्षेत्र कळतं, पण ते क्षेत्र जमिनीवर नेमकं कुठून कुठपर्यंत आहे हे सातबारा सांगत नाही. खरेदीखतात चतुःसीमा असतात पण त्याही "पूर्वेस अमुक यांचा प्लॉट" अशा, फुटाइंचात नाहीत. हद्द ठरते ती मोजणीने. भूमी अभिलेख खात्याच्या उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, आता तो ऑनलाईनही होतो, फी भरायची आणि तारीख मिळाली की लगतच्या सगळ्यांना खात्याकडून नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर राहतील असं बघा, कारण नंतर "आम्हाला कळवलंच नाही" हे वाक्य ठरलेलं असतं. भूकरमापक मशीन लावून खुणा दाखवतात, त्या खुणांवर तिथल्या तिथे रंग मारा, खुंटी ठोका, फोटो काढा, आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी नक्कल, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण. धायरी, आंबेगाव, वडगाव या बाजूला बरेच प्लॉट गुंठेवारीतले आहेत, म्हणजे एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं आणि प्रत्येकाचं क्षेत्र लिहिलेलं, पण आतल्या प्लॉटच्या रेषा सरकारी नकाशात कुठेच नाहीत. तसं असेल तर मोजणीवाले अख्ख्या गटाची हद्द दाखवू शकतात, तुमची आणि शेजाऱ्याची मधली रेषा नाही. त्यासाठी पोटहिश्श्याची, म्हणजे गटातल्या एकेकाच्या वाट्याची, मोजणी लागते आणि तिला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. हे ऐकून लोकांचा धीर सुटतो, पण वाद तुमच्या एकट्याचा नसतो, त्या गल्लीतल्या प्रत्येकाला आज ना उद्या हे करावंच लागणार असतं, त्यामुळे चार घरांनी मिळून अर्ज करायची गोष्ट काढा, लोक येतात.

तोपर्यंत जे पुरावे आहेत ते गोळा करून ठेवा. जुन्या खांबांचे खड्डे अजून दिसत असतील तर टेप लावून फोटो काढा. घरातल्या लग्न-मुंजीच्या जुन्या फोटोंत मागे ते कुंपण दिसतं का बघा, कोर्टात अशा फोटोंनी फरक पडतो. गूगल अर्थवरची जुन्या सालांची चित्रं बरेच जण घेऊन येतात, त्यात कुंपण होतं हे दिसेल पण दीड फुटाचा वाद त्यावर सुटणार नाही, तेवढी ती बारीक नसतात. आणि वकिलाची एक नोटीस आत्ताच पाठवा. दुसऱ्याने उघडपणे ताबा ठेवला आणि मूळ मालक बारा वर्षं गप्प बसला तर मुदतीच्या कायद्याखाली आपली जागा परत मागायचा हक्कच जाऊ शकतो. आपल्याकडे "जाऊ दे, शेजारी आहे" म्हणत पंधरा-पंधरा वर्षं काढतात आणि मुलं घर बांधायला काढतात तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली असते. दिवाणी कोर्टात गेलात तर कोर्ट बहुतेक वेळा कोर्ट कमिशनर, म्हणजे आपल्या वतीने जागेवर जाणारा माणूस, नेमून मोजणीच करायला लावतं, म्हणजे फिरून गाडी तिथेच येते.

प्रश्न : औंधला आमचा कॉर्नरचा बंगला आहे, दोन्ही बाजूंनी रस्ता. धूळ, हॉर्न आणि येणारे-जाणारे आत डोकावतात म्हणून आठ फुटी विटांची भिंत घालायची आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो परवानगी वगैरे काही लागत नाही. – एक वाचक, औंध

उत्तर : कॉन्ट्रॅक्टरचं ऐकू नका. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून राज्यात जवळजवळ सगळीकडे एकच विकास नियमावली आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, आणि पुण्यालाही तीच लागू आहे. तिच्यात साध्या कंपाउंड वॉलची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. २.४ मीटरपर्यंत, म्हणजे तुमचे आठ फूट, जाता येतं पण वरचा ०.९ मीटर भाग उघडा पाहिजे, ग्रिल किंवा जाळी, आरपार दिसेल असा. आणि ही उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात, तुमच्या अंगणापासून नाही. रस्त्यावर दरवेळी डांबराचे थर चढून तो वर आला असेल किंवा तुमचा प्लॉट उतारावर असेल तर हा फरक मोठा पडतो.

कॉर्नरला नियम अजून कडक आहे. कोपऱ्यापासून दोन्ही रस्त्यांच्या बाजूला १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट, त्याच्यावर उरलेलं रेलिंग. कारण साधं आहे, वळणावर येणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडून सायकलवर येणारं पोर दिसलं पाहिजे. तुमच्या प्रायव्हसीपेक्षा ते मोठं आहे आणि यात मी तुमच्या बाजूने काहीही सुचवणार नाही. गेट लावाल तेही पूर्ण आतच उघडलं पाहिजे, फुटपाथवर नाही.

परवानगी महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून, लायसन्स असलेल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत. विनापरवाना भिंतीला एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली नोटीस येते. डोकावणाऱ्यांचं म्हणाल तर कोपरा सोडून बाकीच्या लांबीत पाच फुटी भिंत आणि आतून झाडांचा पट्टा घ्या, धूळही तोच जास्त अडवतो.

प्रश्न : कोंढव्यात आमची सोसायटी उतारावर आहे. मागची कंपाउंड वॉल बारा-तेरा फूट उंच आहे, आमच्या बाजूने मातीचा भराव आणि त्यावर पार्किंग. पलीकडच्या प्लॉटवर बेसमेंटचं खोदकाम सुरू झालंय. भिंतीला मधे पोट आल्यासारखं दिसतंय, पार्किंगच्या ब्लॉकमध्ये भिंतीला समांतर फट पडलीये. बिल्डर म्हणतो भिंत तुमची, तुम्ही बघा. कमिटीत काही जण म्हणतात एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, विषय घेऊ. – एक वाचक, कोंढवा

उत्तर : ताई, एजीएमची वाट बघू नका. हे उत्तर छापून येईपर्यंतसुद्धा थांबू नये म्हणून तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय, पण अशा भिंती त्या भागात आणि कात्रज, वारजे, बावधन, सगळ्या उतारांवर आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१९ साली २९ जूनच्या पहाटे कोंढव्यातच एका सोसायटीची कंपाउंड वॉल शेजारच्या साईटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. दोन-तीन दिवसांतच आंबेगावात अशीच भिंत पडून ६ जण गेले. खाली झोपलेल्यांचा त्या भिंतीशी काही संबंध नव्हता. वरती पार्किंग कोणाचं, खाली खोदकाम कोणाचं हा वाद नंतरचा, आधी माणसं.

तुम्ही जिला कंपाउंड वॉल म्हणताय ती कामाने रिटेनिंग वॉल आहे. कंपाउंड वॉल फक्त आडोसा करते, तिच्यावर वाऱ्याशिवाय फारसा जोर नसतो. बारा फूट माती धरून ठेवणारी भिंत वेगळीच असते, तिला खालचा पाया रुंद लागतो, सळई लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी बाहेर पडायला भिंतीत ठरावीक अंतरावर पाईप लागतात. कोरड्या मातीचा जोर वेगळा आणि पाणी भरलेल्या मातीचा वेगळा. पावसाळ्यात भरावात पाणी साचलं आणि पाईप नसले किंवा चोंदले की ते सगळं पाणी भिंतीला ढकलत राहतं. म्हणून उद्या सकाळी खालच्या बाजूने, लांब उभं राहून, भिंतीकडे बघा, जवळ जाऊ नका. पाईप आहेत का, त्यांच्या तोंडाशी गवत उगवलंय का, पिंपळ-उंबराची रोपं सांध्यात शिरलीत का, ओल नुसती खाली आहे की मधेच पट्टा दिसतोय, वरून दोरी धरल्यासारखी रेषा सरळ आहे की मधे बाहेर झुकलीये. पोट येणं आणि वरती समांतर फट पडणं ही दोन लक्षणं एकत्र असतील तर भिंत हललेली आहे, प्लॅस्टर करून भागणार नाही.

आजच्या आज करायचं ते असं : भिंतीलगतच्या सगळ्या गाड्या काढा आणि तो पट्टा दोर लावून बंद करा. खाली मजुरांच्या खोल्या असतील तर बिल्डरला लेखी कळवून त्या हलवायला लावा, तो ऐकत नसेल तर पोलीस आणि क्षेत्रीय कार्यालय दोघांना कळवा. फटीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून ताडपत्री घाला. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या, तोंडी नको. तो रिपोर्ट जोडून महापालिकेच्या बांधकाम विभागाला अर्ज द्या, पोहोच घ्या. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेलं बांधकाम पाडायला किंवा दुरुस्त करायला लावायचा अधिकार आयुक्तांना आहे, त्याचा अर्जात उल्लेख करा.

बिल्डर म्हणतो भिंत तुमची, ते अर्धं खरं आहे. कंपाउंड वॉलची देखभाल सोसायटीचीच, आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, सोसायटीने करायच्या खर्चात ती आहे. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळायचा हक्क आहे, म्हणजे शेजाऱ्याने त्याच्या हद्दीत सुद्धा असं खोदायचं नाही की तुमची माती सरकेल. हा हक्क जमीन जशी मूळ होती तशीसाठी आहे, तुम्ही टाकलेल्या भरावाचं ओझं त्यात आपोआप येत नाही, त्यामुळे बिल्डरचा वकील तिथेच बोट ठेवणार हे धरून चला. पैशाचा हिशोब होत राहील. पण खोदकाम हद्दीला चिकटून, बाजूला आधार न देता चालू असेल तर ते थांबवायची मागणी आजच करा.

प्रश्न : शेजारच्यांचा आंबा आमच्या गच्चीवर आलाय, मुळांनी फरशी उचलली. आमच्या हद्दीतल्या फांद्या आम्ही तोडू शकतो ना? आणि आंबे कोणाचे? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आंबे झाडाच्या मालकाचे, फांदी कुठेही असो. पाठवत नसतील तर तो वेगळा प्रश्न आहे.

फांद्यांचं म्हणजे, फांदी तुमच्या हद्दीत आली म्हणून सरळ कोयता चालवायचा नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा, मालक कोणी का असेना. शेजाऱ्यांची सही अर्जावर घेतलीत तर काम लवकर होतं. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते हेरिटेज वृक्षात मोडतं, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात.

मुळं मात्र स्वतः कापू नका. एका बाजूची जाड मुळं तोडली की झाडाचा आधार सुटतो, आणि वळवाच्या पावसात ते कुठे पडेल सांगता येत नाही. फरशी काढून तिथे माती, खडी किंवा उचलता येणारे ब्लॉक टाका. सहकारनगरमध्ये अजून असे आंबे उरलेत, ते राहू द्या असं मनापासून वाटतं.

प्रश्न : शेजाऱ्यांनी मधल्या भिंतीवर अँगल ठोकून सहा फूट पत्रे लावलेत, आमच्या स्वयंपाकघरात दिवसा लाईट लावावी लागते. घर १९८८ चं आहे. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : यात तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. भरीव पत्रे धरून उंची १.५ मीटरच्या वर गेली की ती नियमात बसत नाही, ती तक्रार बांधकाम विभागाकडे. दुसरं म्हणजे त्या खिडकीतून वीस वर्षं सलग, शांतपणे, कोणी न अडवता उजेड आणि वारा येत असेल तर सुविधाधिकार कायद्याने तो तुमचा हक्क होतो, १९८८ पासून धरलं तर तुम्ही केव्हाच त्या पलीकडे गेलात. मात्र थोडा उजेड कमी झाला एवढं पुरत नाही, घर वापरणं खरोखर अवघड झालंय हे दाखवावं लागतं. तेव्हा दुपारी बाराचे, लाईट बंद ठेवून काढलेले फोटो ठेवा. जुना मंजूर नकाशा काढा, त्यात ती खिडकी दाखवलेली असली पाहिजे.

पण त्याआधी जाऊन विचारा की पत्रे का लावले. बरेचदा कारण आपल्याच एक्झॉस्ट फॅनची फोडणी किंवा वाळत घातलेले कपडे असतात, आणि फॅनची दिशा बदलली की पत्रे उतरतात.

प्रश्न : भिंत नकोच, झाडांचं कुंपण करायचं आहे. काय लावू? – एक वाचक, पाषाण

उत्तर : चांगला विचार. नियमावलीतली उंचीची अट भिंतीसाठी आहे, पण कोपऱ्यावर झाडंही कमरेएवढीच ठेवा. पुण्याच्या हवेत मेंदी आणि कोयनेल दोन्ही दाट होतात, फार पाणी मागत नाहीत, फक्त कात्री नियमित लागते. अडुळसा आणि तगर सावलीच्या बाजूला चालतात. शेर जुन्या वाड्यांच्या कुंपणाला असायचा, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, घरात लहान मुलं असतील तर नको. बांबू लावायचा तर बेट करून वाढणाराच घ्या, पसरणारा भिंतीखालून शेजारी निघतो. आणि रोपं हद्दीवर नाही, दोन फूट आत लावा, म्हणजे पलीकडची बाजू कापायला शेजाऱ्याच्या अंगणात जावं लागणार नाही.