काळी मेंढरं ठेव, पोरी

म्हसवड,
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धुळवडीला पोचलं. सहा काळ्या मेंढ्या, एक मेंढा, खुडूक झालेल्या दोन कोंबड्या आणि आजीचा धूळ खात पडलेला माग, एवढ्या भांडवलावर तू वस्तीवर राहायला आलीस. वाचून डोळे भरून आले. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "आत्या, सगळे म्हणतात काळी विकून टाक आणि माडग्याळ घे. घेऊ का?" आधी त्याचंच उत्तर देते.

घेऊ नकोस.

माडग्याळ मेंढीला मी नावं ठेवणार नाही. जतकडची ती उंच जात, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. कोकरू भराभर वाढतं आणि बाजारात पैसाही मोठा होतो. ज्याला कोकरं विकायची आहेत त्यानं तीच पाळावी. पण तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर नसते. तुला माग चालवायचा आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा गुण दख्खनीत, म्हणजे आपल्या या काळ्या मेंढरांच्या जातीत, उतरवून जुळी देणारी नारी सुवर्णा तयार केली, तिचंही तू विचारलंयस. चांगलं काम आहे ते. पण जुळ्यांना दूध पुरवायचं तर आईच्या पोटात चारा लागतो, आणि तुझ्या विहिरीला चैत्रात पाणी किती राहतं हे तू अजून पाहिलेलं नाहीस. एक उन्हाळा जाऊ दे.

आता जे तुला कुणी तोंडावर सांगणार नाही ते सांगते. काळ्या मेंढीची लोकर वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, तीही भरड. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या दामापेक्षा जास्त होते, म्हणून आपल्या माणदेशात किती तरी लोक ती बांधावर टाकून देतात. मला ते बघवत नाही. पण तू लोकरीकडून घरखर्च मागितलास, तर दुसऱ्याच वर्षी काळी मेंढरं आटपाडीच्या बाजारात नेशील. बाजारहाट कोंबड्यांवर चालव. अंडी आणि नर आठवड्याच्या बाजारात रोख पैसा देतात. मग लोकर घाई न करता घरात राहू शकते.

म्हणून या दिवसांत आधी कोंबड्यांकडे बघ. होळीला बसवलेली अंडी 21 दिवसांनी, म्हणजे रामनवमीच्या आधी फुटतात. गावठी कोंबडीखाली नऊ-दहा अंडीच ठेव, जास्त ठेवलीस तर कडेची गार पडतात. आता ऊन तापायला लागलं आहे, तेव्हा चार-पाच दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नकोस. या उष्म्यात ती ठेवल्या जागीच धरायला लागतात आणि मग मरतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात अंडं बॅटरीवर धरून बघ. आत कोळ्यासारखा ठिपका आणि त्याला फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर अंडं धरलं. नुसतं पिवळं, स्वच्छ दिसलं तर काढून टाक.

अंड्याला टवका पडला की तुझे हात शिवशिवतील. लावू नकोस. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधी कधी रात्र आणि दिवस दोन्ही जातात. तेवढ्यात ते आतला बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात घेतं. आपण सोलून काढलं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. त्या बलकावरच ते पुढचा दीड-दोन दिवस राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी कण्या खात नाही म्हणून घाबरू नकोस. उथळ ताटलीत पाणी मात्र ठेव, आणि त्यात चार खडे टाक, म्हणजे बुडणार नाही.

विकतची पिल्लं आणलीस तर पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, भिंतीला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडतंय. एका चैत्रात मी पत्र्याच्या खोलीत पहाटेच्या गारव्याला लावलेला बल्ब तसाच ठेवून बाजाराला गेले. दुपारी आले तेव्हा 17 पिल्लं कोपऱ्यात पंख पसरून पडली होती. आपल्याकडे पहाट हिवाळ्याची आणि दुपार वैशाखाची असते. बल्ब लावलास तर तो बंद करायला घरात माणूस हवं. सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस डोळ्यात थेंब टाकून दे, ती चुकवू नकोस. आणि डालग्यावर रात्री दगड ठेव. मुंगसाला बोटभर फट पुरते.

मेंढ्यांचं थोडक्यात सांगते, कारण तुझ्या वस्तीशेजारचा धनगरवाडा तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवील. त्यांना विचार, चहा पाज, त्यांच्याबरोबर चार दिवस माळावर हिंड. एकच गोष्ट मी सांगते. पहाटे व्यालेलं कोकरू मलूल दिसलं तर आधी त्याच्या तोंडात बोट घाल. तोंड ऊबदार असेल तर लगेच आईच्या आचळाला लाव. तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. तोंड गार लागलं तर मात्र पाजू नकोस. गारठलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध छातीत जातं. त्याला जुन्या घोंगड्यात गुंडाळून चुलीजवळ धर, तोंडाला ऊब आली की मग चीक दे. नाळेला टिंक्चर आयोडीन लाव. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पहिल्या पावसाआधी टोचून घे, कोवळं गवत फुटल्यावर पळापळ नको.

आता लोकर. यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढ्या वाहत्या पाण्यात धू आणि स्वच्छ जागी वाळव. मातीत लोळू दिल्या तर सगळं पाण्यात गेलं. कातरणारा आपला जाणता घे, आणि घाई करू नकोस. कात्रीची जखम झाली तर लगेच हळद-तेल लाव, या दिवसांत माशी बसून आळ्या पडायला दोन दिवस लागत नाहीत. कातरल्यावर आठवडाभर आभाळावर नजर ठेव. उघड्या अंगावर वळीव आला तर मेंढी गारठते, त्या दिवसांपुरता आडोसा तयार ठेव.

मग ओट्यावर पोतं अंथरून बस आणि लोकर निवड. पोटाची, शेपटाची वेगळी काढ. दिवाळीच्या सुमाराला माळावर पिकलेली कुसळं आता लोकरीत खोल रुतलेली असतात, ती एकेक काढावी लागतात. कंटाळवाणं काम आहे. पण कुसळ राहिलं तर पिंजताना सुटत नाही, सुतात जातं आणि पांघरणाऱ्याला आयुष्यभर टोचतं. निवडता निवडता तुझे तळहात तुपाचा हात लागल्यासारखे मऊ होतील. तो लोकरीचाच चिकटा. गरम पाण्यानं सगळा धुऊन काढू नकोस, त्याच्यामुळेच घोंगड्यावरून पाऊस निथळतो.

कोकरांची पहिली कातरण, जावळ, मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळू नकोस. मऊ असते, बारीक निघते. वेगळ्या पिशवीत बांधून ठेव आणि पिशवीत कडुलिंबाचा पाला घाल.

सहा मेंढ्यांच्या वर्षाच्या लोकरीत एक घोंगडं निघालं तरी खूप झालं. ते विकू नकोस. सूत कातायची चाती चालवायला मी शिकवीन, पहिले आठ दिवस सूत तुटेल, मग हात बसेल. तुझ्या आजीच्या मागाची फणी बघ, दात शाबूत असतील तर बाकी लाकूड सुतार नीट करून देईल. आडवं सूत नेणारा धोटा माझ्याकडे जास्तीचा आहे.

सुताला लावायच्या खळीसाठी चिंचोके आताच गोळा करायला लाग. गावात ठिकठिकाणी चिंच फोडायचं काम चालू असेल, तिथे मागितलेस तर मिळतील. भाजून, टरफल काढून, जात्यावर दळून ठेव. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायची ती पहाटे, ऊन चढायच्या आत, नाहीतर कुंचा फिरेपर्यंत सूत ताठ होतं. म्हणून माझ्याकडे येशील तेव्हा आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला ये. पाडव्यानंतर कधीही ये. जावळाची पिशवी बरोबर आण, आणि जमलं तर पहिल्या कोकराचा एक फोटो.

तुझी,
आत्या