बोटीचा उजवा ट्रिम टॅब खाली जातो पण वर येत नाही. अ‍ॅक्च्युएटर बदलावा का?

“मीटरवर बारा व्होल्ट दिसत आहेत, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरच गेला,” असे मेकॅनिकने सांगितल्याचे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे. हेच वाक्य मी पाच वर्षांपूर्वी आमच्या मेहुण्यांच्या तोंडून ऐकले होते आणि त्यापायी २१,००० रुपये मोजले होते, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

आधी तुमच्यापुरते सांगतो. ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या काठाला खालीवर होणारा पत्रा आणि अ‍ॅक्च्युएटर म्हणजे तो दांड्याने हलवणारी छोटी मोटर. या मोटरला दोनच वायरी असतात आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे केले की दांडा उलट दिशेला सरकतो. जी मोटर खाली जाताना जोमाने चालते, तिच्या त्याच दोन वायरी वर येताना अचानक नादुरुस्त होत नाहीत. त्यामुळे पहिला संशय स्विचच्या किंवा रिलेच्या ‘वर’ नेणाऱ्या संपर्कावर घ्यावा. उजव्या अ‍ॅक्च्युएटरच्या वायरी तात्पुरत्या डाव्याच्या जागी जोडून पाहाव्यात. तिथे तो वर आला तर अ‍ॅक्च्युएटर निर्दोष आहे. हे करताना लक्षात असू द्यावे की बहुतेक बोटींवर बोटीचे नाक (पुढचे टोक) खाली दाबण्याचे डावे बटण उजवा टॅब खाली करते, कारण मागची उजवी बाजू उचलली की पुढची डावी बाजू दबते. बटणाची बाजू हीच टॅबची बाजू समजून भलताच अ‍ॅक्च्युएटर उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता आमची गोष्ट. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात ३१ वर्षे काढली. निवृत्तीनंतर मेहुण्यांनी आणि मी भागीदारीत १९ फुटी फायबरची बोट घेतली. ती एरवी कोकणात असते आणि पावसाळ्यात ट्रेलरवरून ताम्हिणी घाटाने धायरीतल्या शेडमध्ये येते. मेहुणे अंगाने भारदस्त आहेत आणि बोटीत त्यांची जागा कायम उजवीकडे असते, त्यामुळे बोट उजवीकडे कलते आणि ती सरळ करण्यासाठी उजवा टॅब खाली घ्यावा लागतो. त्या हंगामात तो जेटीला बोट उभी असताना सहज खाली जाई, पण वेग घेतल्यावर बटण दाबले तर अर्ध्यावरच थांबे.

मेहुण्यांनी मल्टिमीटर काढला, अ‍ॅक्च्युएटरच्या वायरी सोडवून टोकांवर मोजले आणि १२.६ व्होल्ट दाखवले. “दाजी, मीटर खोटं बोलत नाही, मोटर दमली आहे,” हा त्यांचा निकाल. मी म्हटले की अहो, डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवील. त्यावर सौ. म्हणाल्या की दोघांनी भांडण्यापेक्षा नवा मागवून टाका. परदेशातून नवा अ‍ॅक्च्युएटर आला, मेहुण्यांनी हौसेने बसवला आणि पुढच्याच फेरीत तोही अर्ध्यावर थांबला.

पावसाळ्यात बोट धायरीला आल्यावर मी नाना पेठेतून गाडीच्या हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा साधा बल्ब आणला. त्याची ६० वॅटची बाजू बारा व्होल्टला साधारण ५ अँपिअर घेते, म्हणजे लहान मोटरचे ओझे उभे करायला तो पुरेसा आहे. अ‍ॅक्च्युएटर सोडवून त्या जागी बल्ब जोडला आणि मेहुण्यांना बटण दाबायला सांगितले. बल्ब काजव्यासारखा पिवळट पेटला. मीटर १२.६ वरून ७.१ वर आला, बॅटरीवर मात्र १२.५ कायम होते. मग बल्ब पेटता ठेवून मी पॉझिटिव्ह आणि अर्थ (म्हणजे निगेटिव्ह) दोन्ही बाजूंनी वायरच्या तुकड्यातुकड्यावर मीटर लावत गेलो. चांगल्या तुकड्यावर नावापुरता फरक दिसत होता. बिल्जमधल्या (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेतल्या) अर्थच्या एका जोडावर पाच व्होल्टांहून अधिक दिसले, म्हणजे तेवढे व्होल्ट तिथेच वाया जात होते.

तो जोड किनाऱ्यावरच्या एका कारागिराने कधीतरी पीळ देऊन आणि काळी टेप गुंडाळून केलेला होता. टेप सोडली तर आतले तांबे, कलई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तसे, हिरवे झालेले. खारे पाणी तंतूंच्या मधून चढत जाते. इन्शुलेशन मागे सोलले तर वीतभर आतपर्यंत वायर काळी होती. लखलखीत तांबे लागेपर्यंत ती कापली, कलई केलेली २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, क्रिम्प करून (जोड दाबून घट्ट करून) आतून गोंद असलेली, उष्णतेने आक्रसणारी हीट-श्रिंक नळी चढवली. सात मीटर जाऊन सात मीटर येणाऱ्या अशा वायरचा रोध साधारण ०.१ ओहम होतो, म्हणजे ५ अँपिअरला अर्धाच व्होल्ट खर्च पडतो. जुना अ‍ॅक्च्युएटर परत बसवला. तो आजही चालतो आणि नवा माळ्यावर खोक्यात आहे. मेहुण्यांचे मत असे की नवा नीट ‘सेट’ व्हायच्या आतच मी तो काढला.

ट्रेलरवर टॅब चालतो म्हणून वायरिंग ठीक, हाही तसाच भ्रम आहे. हवेत पत्र्यावर दाब नसतो. वेगात पाणी रेटा देते, मोटर जास्त करंट मागते आणि तेव्हाच सडका जोड उघडा पडतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचते, म्हणून बोट पूर्ण हवेशीर केल्याशिवाय तिथे बल्ब किंवा ठिणगी नको. टॅब आपोआप वर घेणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स असेल, तर त्यापासून वायरी सोडवूनच अ‍ॅक्च्युएटरला थेट बॅटरी द्यावी. टॅब खाली अडकलेला असताना, विशेषतः मागून लाटा येत असताना, वेग घेऊ नये. बोट एकाएकी वळते. आणि हो, अ‍ॅक्च्युएटर खरेच मरतातही: दांड्याच्या सीलमधून पाणी आत गेले की मोटर गंजते. थेट बॅटरी दिल्यावर दोन्ही दिशांना निमूट बसून राहिला, तर मेकॅनिकचे खरे मानून नवा घ्यावा.

स्विचपाशी आणि अ‍ॅक्च्युएटरपाशी, दोन्ही दिशांचे आकडे कळवलेत तर पुढचे सांगता येईल. मात्र ते बल्ब पेटता ठेवून घेतलेले असावेत.