विरंगुळा केंद्राची पाटी आणि वीजबिल

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. डोंबिवली सोडून सिंधुदुर्गात सासरच्या घरी राहायला आले. शहर वहाळापलीकडे, आमची घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीत. नगरपरिषदेच्या विरंगुळा केंद्रात गेले, तर 'हद्दीबाहेरच्या' म्हणून केंद्र चालवणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघाने सभासद करून घेतलं नाही. आहेत त्या सभासदांची वर्गणीही यंदा ३०० वरून ६०० झाली. इमारतीवर खासदार निधीची पाटी आहे. मग पैसा नाही कसा?

उत्तर : ताई, ती पाटी भिंतींची आहे. खासदारांना वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पण ती टिकाऊ मालमत्तेची. वीजबिल, झाडलोट, शिपायाचा पगार हा रोजचा खर्च त्यातून भागवता येत नाही. तो नगरपरिषदेने आपल्या अंदाजपत्रकातून करायचा.

कोकणातल्याच एका नगरपरिषदेत मी २६ वर्षं लेखा विभागात होते. तिथलं केंद्र जांभ्याच्या जुन्या इमारतीत. एका श्रावणात तीन महिन्यांचं बिल थकलं आणि वीज तोडली. आत काळोख, म्हणून म्हातारी माणसं कॅरमबोर्ड पडवीत घेऊन बसली. पागोळ्यांचं पाणी सोंगट्यांवर उडत होतं. फाइल माझ्याच टेबलावर होती. साहेब सही करायला तयार, पण अंदाजपत्रकात केंद्रासाठी लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचं वेगळं खातंच नाही, मग बिल टाकायचं कशात? ती पडवी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी टिपणी लिहून वीज, पाणी, सफाई, वर्तमानपत्रं यांसाठी वेगळं शीर्ष मी घालून घेतलं. रक्कम लहान होती, पण वीज पुन्हा तुटली नाही.

तुमच्या मंडळींनी पहिला अर्ज या शीर्षासाठीच करावा, आणि दिवाळी झाली की लगेच. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मार्चात दिलेल्या अर्जाला जागा उरत नाही. वर्गणी का वाढली ते कळायला माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा : केंद्रावरचा तीन वर्षांचा खर्च आणि संघाशी झालेला करारनामा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, उत्तराची मुदत ३० दिवस.

आता सभासदत्व. वास्तू नगरपरिषदेची, सभासद मात्र संघाचे. संघ नोंदणीकृत असेल तर त्याची घटना, म्हणजे लेखी नियमावली असते; ती बघायला मागा. हद्दीची अट तिच्यात असेल तर सर्वसाधारण सभेत ती बदलून घेता येते. नसेल, तर तोंडी नकार ऐकून घरी बसू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याला ६० वर्षं पुरतात, राज्याच्या २०१८ च्या धोरणालाही. शहरातल्यांची घरपट्टी केंद्रावर खर्च होते, म्हणून बाहेरच्यांनी थोडी जास्त वर्गणी द्यावी हे मला रास्त वाटतं. पण जन्मभर मुंबईकडे राबून परतलेल्या चाकरमान्याला वहाळावरून मागे धाडणं मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत दोनच म्हातारी माणसं उरली आहेत. त्यांनी संध्याकाळी बोलायचं कुणाशी?

अर्ज दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.