सुखोई-५७ खरंच स्टेल्थ आहे का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. फेब्रुवारी २०२५ ला बंगळुरूच्या एरो इंडिया शोमध्ये येलहंकाला रशियाचं सुखोई-५७ उडालं तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते हे अमेरिकेच्या एफ-३५ चा बाप आहे, दुसरी म्हणते हे स्टेल्थ नाहीच, नुसतं रंग दिलेलं सुखोई-३० आहे. खरं काय?

उत्तर : अरे, दोन्ही पार्ट्या एकच गोष्ट धरून बसल्यात की स्टेल्थ म्हणजे एकतर आहे नाहीतर नाही. तसं नसतं. स्टेल्थ विमान रडारला दिसतं, फक्त उशिरा दिसतं, आणि सगळा खेळ त्या "उशिरा"चा आहे. तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून गणितच सांगतो. रडार किती लांबून बघेल ते विमानाच्या रडार क्रॉस सेक्शनच्या (म्हणजे रडारला ते किती मोठं दिसतं त्या मापाच्या) चौथ्या मुळावर ठरतं. समज एखादं रडार १० चौरस मीटरवालं विमान २०० किलोमीटरवरून पकडतंय. तोच आकडा १ वर आणलास तर अंतर निम्मंपण होत नाही, साधारण ११२ किलोमीटर राहतं, ०.१ केलास तर ६३, आणि ०.००१ पर्यंत नेलास तर कुठे २० होतं. म्हणजे दहापट मेहनत घ्यायची आणि हातात अर्ध्याच्या आसपास फायदा. म्हणून शेवटच्या बारीकसारीक गोष्टींवर इतकी डोकेफोड आणि पैसा लागतो.

आता सुखोईच्याच पेटंटमध्ये या विमानासाठी सरासरी ०.१ ते १ चौरस मीटर असा आकडा दिलाय. सरासरी म्हणजे सगळ्या बाजूंनी मिळून, अमेरिकन विमानांचे जे आकडे ग्रुपवर फिरतात ते बहुतेक समोरून बघतानाचे, सर्वात चांगल्या कोनाचे असतात, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका, चुकीचं होतं ते. पण फोटोत जे दिसतं त्यावर बोलता येतं. मागची इंजिनांची गोल तोंडं, नाकावरचा इन्फ्रारेड सेन्सरचा गोळा, समोरून थोडं डोकावणारं इंजिन (रशियनांनी तिथे आत रडारच्या लहरी अडवणारा ब्लॉकर बसवलाय), या जागा अमेरिकेच्या एफ-२२ वर जास्त काळजीने झाकलेल्या आहेत. उलट शस्त्रं पोटातल्या बंद कप्प्यात (बे मध्ये), कडा एकमेकींना समांतर, हे सगळं सुखोई-५७ वर नीट केलेलं आहे. समोरून स्टेल्थ, मागून बरंच कमी, आणि त्याबदल्यात वळण्या-फिरण्याची ताकद. रशियनांनी हे ठरवून केलंय, जमलं नाही म्हणून सोडून दिलेलं नाही.

आणि "रशियनांना स्टेल्थ कळत नाही" म्हणणाऱ्या मित्राला एक नाव सांग, प्योत्र उफिम्त्सेव. कडांवरून रेडिओ लहरी कशा विखुरतात याचं त्यांचं काम १९६२ मध्ये मॉस्कोत छापून आलं, पुढे त्याचं अमेरिकेत भाषांतर झालं आणि लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी त्यावरून एफ-११७ या अमेरिकन स्टेल्थ विमानाच्या आकाराची गणितं मांडली. आणि स्टेल्थ म्हणजे अजिंक्य समजणाऱ्या मित्राला २७ मार्च १९९९ ची तारीख सांग, त्या रात्री सर्बियाने तेच एफ-११७ जुन्या सोव्हिएत एस-१२५ क्षेपणास्त्राने पाडलं. मला या दोन गोष्टी कुठल्याही एअर शोच्या व्हिडिओपेक्षा जास्त शिकवतात.

प्रश्न : मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर आहे. नातवाने चीनच्या झुहाई शोमधले या विमानाचे फोटो दाखवले, पॅनलवर स्क्रूची डोकी उघडी, फटी कमीजास्त. आमच्याकडे असा जॉब इन्स्पेक्शनला पास झाला नसता. पोरं हसतायत ते बरोबर आहे का?

उत्तर : काका, तुमची नजर अगदी बरोबर जागी गेलीय, पण जॉब कुठला होता ते आधी बघूया. नोव्हेंबर २०२४ ला झुहाईला जवळून ज्याचे फोटो निघाले ते सुरुवातीच्या प्रोटोटाइपपैकी एक होतं. हा प्रकार पहिल्यांदा उडाला २९ जानेवारी २०१० ला, कोम्सोमोल्स्कला, सर्गेई बोग्दान चालवत होते. टेस्टिंगच्या विमानाची पॅनल सारखी उघडायची असतात, आत वायरी आणि मोजमापाची यंत्रं असतात, त्यामुळे तिथे सीएसके (खाचेत बसणाऱ्या डोक्याचे) स्क्रू मारून ठेवतात आणि वर फिलर भरत बसत नाहीत. सिरीजच्या, म्हणजे कारखान्यातून नेहमीसाठी बनणाऱ्या विमानात स्क्रूचं डोकं फ्लश (पत्र्याच्या बरोबरीत) बसवून खाचेत रडार शोषणारी पेस्ट भरावी लागते, कारण डोकं वर राहिलं किंवा फट राहिली की त्या कडेवरून लहर परत जाते. तुम्ही फटीत फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून जे बघायचात तेच काम इथे रडार करतं.

म्हणून त्या फोटोंवरून सिरीजच्या विमानाचं फिनिशिंग ठरवता येत नाही. पण पोरांची शंका पूर्ण फेकूनही देऊ नका. परदेशात विकायला निघालेल्या देशाने जगापुढे ठेवायला जुना प्रोटोटाइप आणला, यातून हातात तयार विमानं किती कमी होती ते कळतं, आणि मला तरी खरी कमजोरी तिथे वाटते, स्क्रूमध्ये नाही. रशियाने २०१९ ला ७६ विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिरीजचं पहिलंच विमान द्यायच्या आधी पडलं, हवाई दलाला पहिलं मिळालं ते २०२० च्या डिसेंबरला. एफ-३५ मात्र आजवर हजाराच्या वर बनून गेली. एक सुंदर विमान बनवणं आणि तेच विमान दर महिन्याला त्याच मापात बनवणं यातला फरक टूलरूमच्या माणसाला मी काय सांगणार.

प्रश्न : चेकमेट नावाचं स्वस्त रशियन स्टेल्थ येणार होतं, त्याचं काय झालं? (कळव्याचे एक वाचक)

उत्तर : जुलै २०२१ ला मॉस्कोजवळ झुकोव्स्कीच्या शोमध्ये मॉडेल दाखवलं, एक इंजिन, किंमत अडीच-तीन कोटी डॉलर सांगितली आणि २०२३ ला उडेल म्हणाले. २०२३ ला उडालं नाही. उडेपर्यंत किमतीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही उलव्याला राहतो. ऑक्टोबर २०२४ ला आमच्या नवी मुंबई एअरपोर्टच्या रनवेवर हवाई दलाचं विमान उतरलं आणि वरून सुखोई गेलं, तेव्हापासून मुलगा वेडा झालाय. तो विचारतो आपण सुखोई-५७ घेणार का, नाशिकला बनवणार का? आणि दोन्ही सुखोईंमध्ये फरक कसा ओळखायचा? (मुलगा सातवीत आहे)

उत्तर : ताई, ११ ऑक्टोबरला उतरलेलं ते सी-२९५ हे मालवाहू विमान आणि वरून गेलेलं सुखोई-३०. नाशिकचा प्रश्न त्याला सुचला हे भारी आहे, कारण आपली बहुतेक सुखोई-३० नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्येच बनली. त्याला सांगा की आपण या विमानाच्या प्रकल्पात एकदा होतो. डिसेंबर २०१० ला रशियाबरोबर प्राथमिक डिझाइनचा साडेएकोणतीस कोटी डॉलरचा करार झाला, आपल्याला आपल्या गरजेचं वेगळं रूप हवं होतं, पण स्टेल्थ, इंजिन, खर्च आणि तंत्रज्ञान किती मिळणार यावर सूर जुळले नाहीत आणि २०१८ ला आपण बाहेर पडलो. मार्च २०२४ ला सरकारने आपल्या स्वतःच्या अ‍ॅमका या स्टेल्थ लढाऊ विमानासाठी साधारण १५ हजार कोटी मंजूर केले, पण ते हवाई दलात यायला अजून बरीच वर्षं आहेत, आणि सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ गेल्यावर लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी (तुकड्यांपैकी) २९ उरल्या, म्हणून मधल्या काळासाठी रशियन विमानाची चर्चा परत निघते. माझं मत विचाराल तर थोडी घेतली तरी चालतील, पण अ‍ॅमकाचा एक रुपया तिकडे वळता कामा नये, आणि रशिया यासाठी बनवत असलेलं नवीन इंजिन बसलेलं विमान समोर आल्याशिवाय सही करू नये.

आता फरक. आपलं सुखोई-३० बघताना कॉकपिटच्या मागे, मोठ्या पंखाच्या पुढे दोन छोटे पंख दिसतात, त्यांना कॅनार्ड म्हणतात, आणि मागचे दोन शेपटीचे पंख सरळ उभे असतात. सुखोई-५७ ला कॅनार्ड नाहीत, त्याऐवजी पंखाची पुढची मुळाजवळची कडच वरखाली हलते, अंग चपटं, आणि शेपटीचे दोन्ही पंख लहान, बाहेर कललेले आणि पूर्ण फिरणारे. सुखोई-३० च्या पोटाखाली बॉम्ब-क्षेपणास्त्रं लटकलेली दिसतील, ५७ वर ती बहुतेक वेळा आत असतात. एवढं वहीत काढायला सांगा, एकदा वरून एकदा समोरून, आणि चित्र इकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.