बारा एकर माळावर किती मेंढ्या?

प्रश्न (कोपरखैरणे): दहिवडीजवळ आमचं १२ एकर माळरान आहे. गावाकडचा भाऊ १०० मेंढ्या घेतो म्हणतोय. जमेल का?

नुसत्या माळावर नाही जमणार. ३० किलोची मेंढी रोज साधारण किलोभर वाळला चारा खाते. एकरी ४०० किलो वाळलं गवत धरा. त्यातलं निम्मंच चारायचं, कारण उरलेल्या निम्म्यावर मुळं जगतात आणि माती धरून राहते. म्हणजे १२ एकरांत २,४०० किलो. १०० मेंढ्या ते २४ दिवसांत फस्त करतील. १२ मेंढ्यांना ते २०० दिवस पुरेल.

माझा ४०० चा आकडा मात्र तुमच्या माळाला जसाच्या तसा लावू नका. पावसाळा सरताना भावाला चार-पाच ठिकाणी एकेक चौरस मीटर गवत कापून, वाळवून तोलायला सांगा. सरासरी ग्रॅमला ४ ने गुणलं की एकरी किलो निघतात. माळाचे चार पट्टे पाडा, आळीपाळीने चारा आणि पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या फुटीवर कळप अजिबात सोडू नका. मेंढी गवत अगदी बुडाशी कुरतडते. तिला आवडणारी पवना आणि मारवेल ही गवतं आधी संपतात, मागे कुसळी गवत उरतं. कुसळीची टोकदार कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातड्यात घुसतात. म्हणून कुसळीचा पट्टा कुसळं धरण्याआधीच चारून घ्या.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): मुरबाडच्या शेतावर दख्खनी मेंढ्या बारमाही ठेवू का?

नका ठेवू. ही कोरड्या मुलखाची जात. कोकणच्या पावसात खुरं सडतात, जंत वाढतात. धनगर उगाच पावसाळ्याआधी घाट चढून जात नाहीत.

प्रश्न (शहापूर): भातकापणीनंतर शेतात मेंढ्या बसवाव्यात का?

जरूर बसवा. लेंड्या आणि मूत जागच्या जागी मातीत मुरतं. धनगराला वाघर (कळपाभोवती लावायची जाळी) दर एक-दोन रात्रींनी हलवायला सांगा, म्हणजे खत सगळीकडे पडेल. वाल पेरला असेल किंवा नुकतंच औषध फवारलं असेल, तर ते शेत टाळा. मोबदला आधी ठरवा आणि वाड्याला, म्हणजे धनगरांच्या मुक्कामाला, पाणी द्या. उन्हाळ्यात त्यांची खरी वणवण पाण्यासाठी असते.

प्रश्न (ऐरोली): गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना चालतं का?

नाही. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस धडधाकट दिसणारी मेंढी अचानक दगावते. मेंढ्यांसाठीचंच मिश्रण मागून घ्या.