मालिकेत आजार दिसतो, उपचार कुठे जातात?

तरुणांसाठीच्या वेबसिरीज आणि त्यांत दाखवले जाणारे मानसिक आजार, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले काही निवडले आहेत. ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

मुलगी नववीत आहे. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून 'थर्टीन रीझन्स व्हाय' बघायला घेतलीय. बंदी घातली तर लपून बघेल. काय करू? (एक आई, नाशिक)

ताई, बंदी नको, पण तिला एकटीलाही बघू देऊ नका.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही अमेरिकन मालिका मार्च २०१७ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आली. हॅना बेकर नावाची शाळकरी मुलगी आपल्या मरणाची तेरा कारणं कॅसेटवर बोलून ठेवते आणि जीव देते. ज्यांची नावं त्यात आहेत, त्यांनी त्या कॅसेट एकामागून एक ऐकायच्या. आत्महत्येचं दृश्य इतकं उघड होतं की बरीच टीका झाल्यावर, जुलै २०१९ मध्ये, नेटफ्लिक्सने ते काढून टाकलं.

दृश्य गेलं ते बरंच झालं, पण माझा मुख्य आक्षेप कथेच्या रचनेवर आहे. हॅना मेल्यावर तिला सगळं मिळतं. लोक तिचं ऐकतात, रडतात, पस्तावतात. म्हणजे मरण हा सूड उगवण्याचा यशस्वी मार्ग ठरतो. आणि शेवटची कॅसेट कुणासाठी आहे? शाळेचे समुपदेशक पोर्टर सर यांच्यासाठी. ती त्यांच्याकडे मदत मागायला जाते आणि ते कमी पडतात. चौदा वर्षांची मुलगी यातून एवढंच उचलते, की मोठ्यांना सांगून काही उपयोग नसतो. हॅनाला नैराश्य होतं का, त्यावर उपचार झाले असते तर काय झालं असतं, इकडे मालिका फारशी वळतच नाही. गुन्हेगार शोधत राहते.

न्यूझीलंडने या मालिकेसाठी २०१७ मध्ये एक वेगळं वर्गीकरणच केलं: अठराखालच्या मुलांनी पालकांसोबत बघावी. मला ते पटतं. तुम्ही शेजारी भाजी निवडत बसलात तरी चालेल. मधे एखादा प्रश्न टाका, "पोर्टर सरांकडून काही झालं नाही, तर तू आणखी कुणाकडे गेली असतीस?" उत्तर लगेच आलं नाही तर मागे लागू नका.

मात्र ती आधीच गप्प-गप्प असेल, झोप उडाली असेल, हातावर कापल्याच्या खुणा असतील, तर मालिका बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती निराधार आहे.

मालिका बघून खरंच आत्महत्या वाढतात, की ही उगाच ओरड? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, दोन्ही बाजूंना थोडं तथ्य आहे. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरची मालिका लागली आणि १९८२ मध्ये ती पुन्हा दाखवली गेली. दोन्ही वेळा त्याच वयाच्या मुलांमध्ये, त्याच पद्धतीच्या आत्महत्या वाढल्याचं संशोधकांना आढळलं. हा पुरावा मला बराच भक्कम वाटतो.

'थर्टीन रीझन्स'चं तसं नाही. २०१९ च्या एका अभ्यासात, मालिका आल्यानंतरच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या १० ते १७ वयोगटात आत्महत्येचं प्रमाण अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त दिसलं. बातम्यांत हा आकडा खूप गाजला. पण वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती आणि नायिका तर मुलगी. मालिकेमुळेच हे घडलं असं सिद्ध होत नाही, हे अभ्यासकांनीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा आधीपासूनचा चढता कल वजा केल्यावर मुलग्यांमधला परिणाम टिकला नाही.

माझं मत विचाराल, तर बहुतेक मुलांना काही होत नाही. जी आधीच काठावर उभी आहेत, त्यांची काळजी वाटते. उलट बाजूही आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की आत्महत्येच्या विचारातून बाहेर पडलेल्या माणसांच्या बातम्या आल्यावर आत्महत्या कमी झाल्याचं दिसतं.

'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत इलेव्हन नावाच्या मुलीच्या आईला विजेचा शॉक देऊन तिचं डोकं कायमचं बिघडवतात. माझ्या भावाला डॉक्टरांनी शॉक सुचवलाय. आई घाबरलीय.

मालिकेतला तो छळ आहे, उपचार नव्हे. प्रत्यक्षात भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन, काही मिनिटांत हा उपचार होतो. भूल न देता तो करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. काही दिवस किंवा आठवडे विसराळूपणा येऊ शकतो, त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. तीव्र नैराश्यात याचा गुण चांगला येतो. आईला घेऊन जा आणि तिच्या शंका तिलाच विचारू द्या.

मला ओसीडी (तीच शंका, तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) आहे. मालिकांमध्ये ओसीडी म्हणजे पुस्तकं रंगांनुसार लावणारा गमतीशीर मुलगा. मित्र म्हणतात, "मी पण थोडा ओसीडीच आहे." काय बोलू? (वय १९, पुणे)

अरे, तुझा राग रास्त आहे. कुलूप लावून तीन मजले उतरायचं, गॅस चालू राहिला असं वाटून परत चढायचं, बटण बंद दिसतं तरी मन मानत नाही म्हणून बोट लावून बघायचं, पुन्हा उतरायचं, आणि बस चुकल्यावर स्वतःचीच लाज वाटायची. यात गमतीचं काय आहे? काहींना तर आपल्याच माणसाला इजा करू असे नको ते विचार येतात आणि ते कुणाला सांगताही येत नाहीत. पडद्यावर नीटनेटकेपणा दाखवणं सोपं, भीती दाखवणं अवघड. मित्राला एवढंच सांग, "तुला आवरल्यावर बरं वाटतं. मला दहादा आवरूनही वाटत नाही." थेरपी सुरू असेल तर भीतीला सामोरं जाऊन ती कृती टाळायचा सराव सोडू नकोस. मित्रांचं नंतर बघू.

मी वेबसिरीज लिहितो. नायकाला डिप्रेशन आहे. निर्माते म्हणतात, गोळ्या आणि डॉक्टर दाखवले की एपिसोड पडतो. (मुंबई)

तुमचे निर्माते सगळ्याच निर्मात्यांसारखं बोलतायत. म्हणूनच पडद्यावर आजार कोसळतो धाडकन आणि बरा होतो एका मिठीत. मधले महिने गायब. गोळी लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळतं, बरं वाटल्यावर पोरगा स्वतःच गोळ्या बंद करतो आणि घरात पुन्हा तेच सुरू होतं. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल?

ब्रिटिश 'माय मॅड फॅट डायरी' (२०१३) सुरूच होते ती नायिका मनोरुग्णालयातून घरी येते तिथून, आणि थेरपीचे प्रसंग तिच्यात शेवटपर्यंत येत राहतात. 'हार्टस्टॉपर'च्या तिसऱ्या पर्वात (२०२४) चार्लीला खाण्याचा विकार आहे. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या निकला कळून चुकतं, की नुसत्या प्रेमाने हा आजार बरा होत नाही. चार्ली रुग्णालयात भरती होतो. दोन्ही मालिका तरुणांनी आवडीने पाहिल्या. याउलट 'स्किन्स'मधली कॅसी: उपाशी राहणं तिच्या स्वप्नाळू, गोड बोलण्याचाच भाग होऊन बसलं आणि इंटरनेटवर कित्येक मुलींनी तिची छायाचित्रं आदर्श म्हणून मिरवली.

आत्महत्येचा प्रसंग असेल तर पद्धत दाखवू नका, चिठ्ठी वाचून दाखवू नका, एकच एक कारण देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खास पटकथाकार-दिग्दर्शकांसाठी पुस्तिका काढली आहे, ती निर्मात्यांच्या टेबलावर ठेवा. आणि कृपा करून विनोदासाठी "याला ठाण्याला पाठवा" लिहू नका.

मालिकांमध्ये समुपदेशक सगळं जाऊन आईबाबांना सांगतात. खरंच सांगतात का? मी १६ वर्षांची आहे.

नाही गं, सगळं सांगत नाहीत. तुझ्या जिवाला धोका आहे, कुणी तुझा छळ करतंय, अशा वेळी मोठ्यांना सामील करून घ्यावंच लागतं. बाकीचं काय सांगायचं, काय नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घे. चांगला समुपदेशक तुझ्यासमोर ते ठरवतो. औषधं सुरू करायची झाली तर अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांची संमती लागते. तोवर बोलायचं असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. रात्री दोनला वाटलं तरी लाव.