वाइसचा नसलेला वाइस

प्रश्न : माझी मुलगी गिटार शिकते. वर्षभर खपून तिने वाइस या जुन्या संगीतकाराचा ए मायनरमधला सूट (नाचाच्या चालींची मालिका) बसवला. आता कळतंय की तो त्याचा नाहीच. मग हा वाइस होता तरी कोण? आणि त्याचं खरं काय वाजवावं?
– एक आई, विलेपार्ले

उत्तर : ताई, मी दादरला 30 वर्षं गिटार शिकवतोय, आणि तो सूट मीसुद्धा वाइसचा म्हणूनच शिकलो होतो. लिहिला मेक्सिकोच्या मानुएल पोन्से यांनी, 1929च्या सुमारास. थोर गिटारवादक सेगोव्हिया तो वाइसच्या नावावर वाजवत. रचना सुंदरच आहे, मुलीची मेहनत वाया गेलेली नाही. मला वाईट वाटतं ते खऱ्या वाइसचं.

सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस हा ल्यूटवादक. ल्यूट म्हणजे गिटारसारखं, पण गोल पाठीचं जुनं युरोपीय तंतुवाद्य. जन्म 1687चा, वडीलही ल्यूटवादक. तरुणपणी काही वर्षं रोममध्ये काढली आणि 1718पासून अखेरपर्यंत ड्रेस्डेनच्या दरबारात नोकरी केली. 1722 मध्ये एका व्हायोलिनवाल्याने त्याचा अंगठा चावून तोडायचा प्रयत्न केला होता. ल्यूटचा सगळा खर्ज अंगठ्यावर असतो, म्हणजे घाव कुठे घालायचा ते त्याला नेमकं ठाऊक होतं! 1739 मध्ये वाइस लाइपझिगला थोर संगीतकार बाखच्या घरी वाजवून आला. दोघेही 1750 मध्येच गेले.

त्याच्या सहाशेहून अधिक रचना आज हाताशी आहेत, पण हयातीत छापली गेली ती एकच, संगीतकार टेलेमानच्या नियतकालिकात, 1728 साली. बाकी सगळं हस्तलिखितांत राहिलं, आणि तेही टॅब्लेचरमध्ये. सहा रेघा म्हणजे वरच्या सहा तारा (जोड धरली तरी एकच), त्यांवर अक्षरं : ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट, म्हणजे मानेवरचा पहिला पडदा. भातखंड्यांच्या लिपीत स्वर कळतो, इथे कळते ती बोटाची जागा. ल्यूट मागे पडला आणि ही पानं वाचणारेच उरले नाहीत.

वाद्यही कठीण. तारांचे 13 जोड, त्यात वरचे दोन एकेरी, म्हणजे एकूण 24 तारा, तेव्हा आतड्याच्या. खर्जाच्या तारा बहुतेक मोकळ्याच वाजतात, म्हणून स्केल बदललं की त्या पुन्हा लावायच्या. जुलैत आपल्या मुंबईत तानपुरा कसा उतरतो ते आठवा, म्हणजे त्या हातांची कल्पना येईल.

ऐकायला सुरुवात 'तोंबो'पासून करा. तोंबो म्हणजे समाधी. काउंट लोजी हा ल्यूटवादक 1721 मध्ये गेला, त्याच्यासाठी वाइसने ही रचना केली. स्केल निवडलं बी फ्लॅट मायनर. त्यात वरच्या मोकळ्या तारांचा आधार फार कमी मिळतो. जवळजवळ प्रत्येक स्वर डाव्या हाताने दाबून धरावा लागतो, त्यामुळे नाद दबका येतो, आणि खालून खर्ज सावकाश पडत राहतो. गिटारवर हे सोप्या स्केलमध्ये आणून वाजवतात. तेव्हा स्वर मिळतात, तो दबकेपणा जातो. म्हणून आधी ल्यूटवरच ऐका.

मुलीला मात्र 'फॅन्टसी' द्या. गिटारवर ती छान बसते. उत्तरार्ध फ्यूगच्या (एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत येते त्या प्रकाराच्या) अंगाने जातो, तिथे मोजून वाजवायचं. पण सुरुवातीला मूळ हस्तलिखितात मात्रांचे दंडच नाहीत, आलापीसारखं मोकळं आहे. तेवढा भाग तिला मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) बंद करून वाजवू द्या.